ताठरलेले पाय, हरवलेली वाट

मित्रांनो, मी एक म्हातारा पांढरा उंदीर आहे. आमच्यात दोन वर्षे ओलांडली की आजोबाच म्हणायचे, आणि मी ती केव्हाच ओलांडली आहेत. माळ्यावर खुडबुड करणारे आणि पोती कुरतडणारे माझे करडे भाऊबंद तुमच्या ओळखीचे असतील, माझ्या नाहीत. माझा जन्म एका औषधांच्या प्रयोगशाळेत झाला. प्रयोगशाळेच्या मागच्या अंगाला आमचे प्राणिगृह होते. त्या खोलीला खिडकी नव्हती. दिवे लागले की दिवस आणि दिवे मालवले की रात्र, एवढेच आम्हाला कळायचे.

लहानपणी आम्ही सगळी भावंडे भुशात एकावर एक अशी रचून झोपायचो. कुणाचे शेपूट कुणाच्या नाकात जायचे, कुणाचा पाय कुणाच्या कानावर पडायचा. सगळ्यांत खाली असणारा चिरडून जायचा आणि तरी तिथून हलायचा नाही, कारण तिथेच सगळ्यांत ऊब असायची.

मग एके दिवशी आम्हाला वेगळे केले. प्रत्येकाला एक पिंजरा, एक पाण्याची बाटली आणि शेपटीवर शाईची खूण. कोण किती खातो आणि कुणाचे वजन किती वाढते हे नीट समजावे म्हणून असे करतात, असे मी नंतर ऐकले. कारण योग्यच असेल. पण पहिल्या दिवशी मी भुशाचा ढीग करून त्याच्याखाली शिरून पाहिले. भुसा अंगावर बसतो, पण श्वास घेत नाही. शेजारच्या पिंजऱ्यातून भावाचा वास यायचा. तो जाळीला नाक लावून उभा असायचा, मीही असायचो. मध्ये हातभर अंतर होते. पुढे आयुष्यात मला बऱ्याच सुया टोचल्या गेल्या, पण त्या हातभर अंतराइतके काही टोचले नाही.

उंदराला माणसांचे बोलणे कसे कळते, असे तुम्ही विचाराल. मित्रांनो, दिवसभर ऐकायला दुसरे काहीच नसले की सगळे कळू लागते.

माझ्यावर प्रयोग करणारी एक मुलगी होती. सगळे तिला ताई म्हणायचे, म्हणून मीही ताईच म्हणतो. ती शिकून डॉक्टरेट मिळवण्याच्या खटपटीत होती. तिचे हात गार असायचे. मला उचलण्याआधी ती दोन्ही तळवे एकमेकांवर चोळून गरम करायची, आणि एवढ्यावरूनच मी तिच्यावर जीव टाकला. तिला शिकवणारे सर मोठे विद्वान आणि तसे भले गृहस्थ होते. मात्र "जनावरांना नावं ठेवायची नाहीत" असा त्यांचा दंडक होता. ताईने तो मान डोलावून ऐकला आणि माझे नाव ठेवले मास्तर. मी भुलभुलैयात शिरताना वर्गात हजेरी घ्यायला निघाल्यासारखा चालतो, असे तिचे म्हणणे होते.

तो भुलभुलैया म्हणजे फळ्या उभ्या करून बनवलेल्या गल्ल्या. शेवटच्या गल्लीत बिस्किटाचा तुकडा ठेवलेला असायचा. ती वाट मी लवकर शिकलो. शिवाय आणखी एक पेटी होती. तिला दोन खण होते आणि तळाला लोखंडी सळ्या. घंटा वाजली की थोड्याच वेळात पायाखाली झिणझिणी यायची. घंटा वाजताच जो दुसऱ्या खणात पळेल तो सुटला. हेही मला दोन-चार दिवसांत जमले.

"काय हुशार आहे हा!" ताई म्हणायची आणि माझ्या कानामागे बोट फिरवायची. ते बोट परत फिरावे म्हणून मी उगाचच घाईघाईने पळायचो.

मग खरा प्रयोग सुरू झाला.

माणसांना मनाचा एक मोठा आजार होतो. कुणी बोलत नसताना आवाज ऐकू येतात, भलतेसलते संशय येतात, आपले लोक वैरी वाटू लागतात. त्यावर जी औषधे देतात त्यांना अँटिसायकोटिक म्हणतात. त्यांनी मनातले वादळ शमते. पण त्यांतल्या काही औषधांनी अंग ताठरते, हात कापतात, चाल अडखळते. तो ताठरपणा सोडवायला मग दुसरे औषध देतात. ते अँटिकोलिनर्जिक. ही दोन औषधे एकत्र पोटात गेली की एकमेकांच्या कामात काय ढवळाढवळ करतात, ते आमच्यासारख्या जनावरांत पाहायचे, असा ताईचा विषय होता.

पहिले औषध दिले त्या दिवशी मला वाटले, आपल्याला झोप येते आहे. पण झोप आली नाही. ताईने मला टेबलावर ठेवले आणि माझे पुढचे दोन्ही पंजे एका आडव्या दांडीवर ठेवून घड्याळ सुरू केले. एरवी मी क्षणात खाली उतरून टेबलाची कड हुंगायला गेलो असतो. मनाने निघालोही. पण पंजे दांडीवर तसेच राहिले. माझेच पंजे, माझ्याच डोळ्यांसमोर, आणि मी त्यांचा कुणीही नव्हतो. समोरच्या भिंतीवरचा एक डाग बघत मी उभा राहिलो.

"छान! अगदी हवा तसा परिणाम आलाय," सर मागून म्हणाले.

माझी पहिल्यांदा एवढी वाहवा झाली, ती मी काहीच करत नव्हतो तेव्हा.

घंटेच्या पेटीतही तसेच झाले. घंटा ऐकू आली. आता पळायचे असते, हेही आठवले. पण त्याचे काही वाटलेच नाही, आणि पायही उठले नाहीत. झिणझिणी आली तेव्हा कसाबसा सरकलो. हे औषध जेवढे जोरकस तेवढे जनावर घंटेला थंडपणे घेते, म्हणून घंटेवरून त्याचा जोर ओळखतात, असे ताई एका पाहुण्याला सांगत होती.

मग दुसरे औषध आले. पहिल्याच्या पाठोपाठ ते टोचले की थोड्या वेळाने अंगातली दोरी कुणीतरी सोडल्यासारखे व्हायचे. पंजे दांडीवर ठेवताच मी खाली उतरायचो. ताईला आनंद व्हायचा, सरांना व्हायचा, मलाही झाला. पण तोंडात भुसा भरल्यासारखी कोरड पडायची. दिवा डोळ्यांत खुपायचा. उगाचच इकडून तिकडे फेऱ्या माराव्याशा वाटायच्या. घंटा वाजली की मी पुन्हा दचकून पळू लागलो, म्हणजे पहिल्या औषधाने आणलेला थंडपणाही थोडा पुसला गेला होता. आणि सगळ्यांत वाईट गोष्ट भुलभुलैयात घडली. मी आत शिरलो, आणि पुढे काय ते मला आठवेना. डावीकडे वळलो, भिंत लागली. परत आलो, पुन्हा डावीकडेच वळलो, पुन्हा तीच भिंत.

वेळ संपल्यावर ताईने मला उचलून घेतले. कानामागे बोट फिरले नाही. "मास्तर, काय झालं रे तुला?" एवढेच ती म्हणाली.

"भुलभुलैयाचं राहू दे आता," सर म्हणाले. "आपला प्रश्न ताठरपणाचा आहे. तो सुटलेला दिसतोय ना? मग झालं तर."

त्यानंतर भुलभुलैयाच्या फळ्या कोपऱ्यात उभ्या राहिल्या आणि माझी हुशारी त्यांच्याबरोबर. आठवड्यातून एकदा मला बाहेर काढायचे, सुई, दांडी, घंटा आणि परत पिंजरा. कधी नुसतेच मिठाचे पाणी टोचायचे, फरक कळावा म्हणून. ताई माझ्याशी बोलेनाशी झाली. तिच्या मनात दुसरेच काही चालले होते. फोन आला की ती भिंतीकडे तोंड करून बोलायची.

"जेवलास का? ... अरे, मी सकाळी ताट वाढून ठेवलंय ना! ... हात कसा आहे? ... बरं. बाहेर जाऊ नकोस हं."

तो तिचा मोठा भाऊ होता. तिचे आईवडील नव्हते, घरात ही दोघेच. भावाला तोच मनाचा आजार होता आणि त्याला तशीच दोन्ही औषधे चालू होती, हे मला त्या फोनवरून हळूहळू उमगत गेले. मला मात्र त्याचा चेहरा दिसत नव्हता आणि त्याला माझा. आम्ही दोघे तशाच दोन औषधांचे सोबती होतो, आणि आमच्यामध्ये अख्खे गाव होते.

सुट्टीच्या एका दिवशी ताई त्याला बरोबरच घेऊन आली. प्रयोगशाळेत दुसरे कुणी नव्हते. तिचे डोळे सुजलेले होते. आदल्या दिवशी तो साबण आणायला बाहेर पडला आणि कोपऱ्यावरच्या दुकानाच्या पायरीवर संध्याकाळपर्यंत बसून राहिला होता. शेजाऱ्यांनी त्याला घरी आणले. आजार उलटला, असे ताईने धरले होते.

"दादा, तू इथे स्टुलावर बस. मी पटकन आटपते. उद्या आपण डॉक्टरांकडे जाऊ, ते आजारावरच्या त्या मोठ्या गोळीचं प्रमाण वाढवून देतील. मग बरं वाटेल तुला."

दादा स्टुलावर बसला. मोठ्या अंगाचा, नीट भांग पाडलेला माणूस होता तो. शर्टाची गुंडी एक घर चुकवून लावलेली होती.

ताईने मला पहिले औषध दिले, काही वेळ जाऊ दिला आणि पंजे दांडीवर ठेवले. मी नेहमीसारखा ताठरलो. दादा स्टुलावरून उठला आणि टेबलाशी उकिडवा बसला. त्याचे डोळे माझ्या डोळ्यांसमोर आले. इतक्या जवळून मला आजवर कुणी पाहिले नव्हते.

"हा अडकलाय," तो म्हणाला.

"अडकला नाही रे. औषध दिलंय त्याला. किती वेळ तसाच राहतो ते मोजायचं असतं. त्याला दुखत वगैरे नाही."

"त्यानं सांगितलं?"

ताई हसली. "उंदीर कसा सांगेल?"

"दुखत नाही, ते खरंय," दादा म्हणाला. "पण त्याला उतरायचंय. मनानं कधीच उतरलाय तो. पायांना निरोप पोचत नाहीये."

मित्रांनो, त्या क्षणी मला हुंदका देता आला असता तर मी दिला असता. माझे सगळे आयुष्य त्या माणसाने तीन वाक्यांत सांगितले होते, आणि मला मिशीसुद्धा हलवता येत नव्हती.

ताईच्या हातातले पेन थांबले. "तुलाही असं व्हायचं?"

"सुरुवातीला व्हायचं. तू म्हणायचीस, दादा, चहा गार होतोय. मला कप दिसायचा. हात मांडीवरच राहायचा. तू चिडायचीस."

"मला वाटायचं, तू मुद्दाम..."

"माहीत आहे."

ताईने मग मला दुसरी सुई दिली. थोड्या वेळाने माझे अंग सुटले आणि मी दांडीवरून उतरलो. "सुटला!" म्हणत दादाने टाळी वाजवली. लहान मुलासारखा हसला. मग कोपऱ्यातल्या फळ्यांकडे बोट दाखवून म्हणाला, "ते काय आहे?"

"भुलभुलैया. पण हल्ली तो त्यात गोंधळतो, म्हणून बंद केलाय."

"बघू तरी."

ताईला नाही म्हणवले नाही. तिने फळ्या मांडल्या, बिस्किटाचा तुकडा ठेवला, मला आत सोडले आणि सवयीने घड्याळही सुरू केले. मला फार वाटत होते की आज तरी वाट सापडावी. हा माणूस बघतो आहे. पण डावीकडे वळलो आणि भिंत लागली. परत आलो आणि पुन्हा डावीकडेच गेलो. वरून दादाचा श्वास ऐकू येत होता. त्याचे हसणे बंद झाले होते.

"काल माझं असंच झालं," तो हळूच म्हणाला. "दुकानापासून घर कुठल्या बाजूला, ते आठवेना. एकदा गेलो, परत आलो. पुन्हा तिकडेच गेलो. मग म्हटलं, बसून राहावं."

"कुणाचे आवाज ऐकू येत होते का? कुणी मागे लागलंय असं वाटत होतं?"

"नाही गं. सगळं शांत होतं. फक्त वाट नव्हती."

"दादा, हे कधीपासून होतंय?"

"ती छोटी गोळी वाढवली ना, हात सुटायला, तेव्हापासून. सकाळचं संध्याकाळी आठवत नाही. तोंडही सारखं कोरडं पडतं."

"अरे, मग मला सांगितलं का नाहीस इतके दिवस?"

दादाने थोडा विचार केला. त्याच्या बोलण्यात रागाचा लवलेश नव्हता. "तू रोज विचारायचीस, हात कसा आहे. हात चांगला होता."

ताई स्टुलावर बसली. घड्याळ चालूच राहिले, ते बंद करायचे तिला भान नव्हते. मी अजून त्याच गल्लीत होतो. शेवटी दादानेच खाली हात घातला आणि मला उचलले. घड्याळ चालू असताना भुलभुलैयातून मला अर्ध्या वाटेत कुणी बाहेर काढले, अशी ती एकच वेळ.

डॉक्टरांकडे काय झाले ते ताईने सरांना सांगितले, तेव्हा मी टेबलावरच होतो. डॉक्टरीण बाई आधी म्हणाल्या, उंदराला झालं म्हणून माणसाला तसंच होईल असं नसतं. ते खरेच होते. पण त्यांनी दादाला समोर बसवून स्वतः प्रश्न विचारले, त्याची आठवण तपासली, आणि मोठी गोळी वाढवायचा बेत सोडून दिला. ती बदलून अंग कमी ताठरवणारी दुसरी दिली आणि छोटी गोळी हळूहळू कमी करत नेली. मधले दिवस फार कठीण गेले. हात पुन्हा जड झाला, झोप उडाली. एकदा दादा वैतागून सगळ्याच गोळ्या फेकून द्यायला निघाला होता. ताईने त्याची समजूत घातली. ही औषधे वाईट नाहीत, मित्रांनो, आणि ती आपल्या मनाने बंद करायची नसतात. दादाचे वादळ त्यांनीच शमवले होते. फक्त घेणाऱ्याला काय होते आहे, तेवढे विचारायचे राहून गेले होते.

"सर, मला भुलभुलैयाचे आकडेही लिहायचेत," ताई म्हणाली.

"तो आपला प्रश्न नाही."

"ताठरपणा गेला, पण त्याच्याबरोबर आणखी काय गेलं, हाही प्रश्नच आहे ना, सर?"

सरांनी चष्मा काढून पुसला. बराच वेळ पुसला. "मग सगळ्या उंदरांचं पहिल्यापासून कर. तुझ्या एकट्या मास्तरवर काही सिद्ध होणार नाही." आपल्या तोंडून माझे नाव गेले, हे त्यांच्या लक्षातही आले नाही.

ते सगळे काम झाले. कुणी माझ्यासारखे वाट विसरले, कुणी कमी विसरले. माझा भाऊ तर शेवटपर्यंत नीट जात राहिला. प्रयोग संपला की प्रयोगातली जनावरेही संपतात, हे आमच्या प्राणिगृहात सगळ्यांना माहीत होते. माझ्यासाठी ताईने अर्ज केला, प्राण्यांवरच्या प्रयोगांवर देखरेख करणाऱ्या समितीपाशी सरांनी रदबदली केली आणि मला घरी न्यायची परवानगी मिळाली. एकाचीच. ज्या सकाळी मला खोक्यात घातले, त्या सकाळी शेजारच्या जाळीला भावाचे नाक टेकलेले होते. मी वाचलो, मित्रांनो. त्याचा आनंद नेमका कुठल्या कोपऱ्यात बसून करायचा, ते मला अजून समजलेले नाही.

तेव्हापासून मी दादाच्या खोलीत राहतो. इथे खिडकी आहे. खिडकीतून रस्ता दिसतो, सायकली दिसतात, समोरच्या गच्चीवर वाळत घातलेले कपडे दिसतात. पण माझ्या जातीचे इथे कुणी नाही. हाक मारली तर ओ देणारे नाही. दादाचेही तसेच आहे. त्याचे जुने मित्र येत नाहीत. ताई कामाला गेली की दुपारभर आम्ही दोघे आपापल्या जागी बसून असतो. तो माझ्या एकटेपणावर इलाज करू शकत नाही, मी त्याच्या एकटेपणावर करू शकत नाही. पण तो अधूनमधून मान वळवून बघतो, मीही बघतो. माझे मागचे पाय हल्ली ओढत न्यावे लागतात. कुठल्या औषधाने नव्हे, वयाने. बाटलीपर्यंत उंची पुरत नाही हे दादाने आपणहून पाहिले आणि झाकणात पाणी ठेवले.

काल त्यांची मावशी आली होती. प्रेमळ बाई आहे, पण तोंडाचा पट्टा सतत चालू. चपला काढता काढताच दादाकडे एक नजर टाकून तिने ताईला विचारले, "काय गं, आता कसा आहे हा? गोळ्या घेतो ना वेळेवर? रात्री झोपतो का?"

ताई पाणी आणायला निघाली होती. ती थांबली. "मावशी, तो इथेच बसलाय. त्यालाच विचार ना."

मावशी ओशाळली. पदर सावरून दादाच्या समोर बसली. "कसा आहेस रे बाळा?"

दादाला उत्तर द्यायला वेळ लागतो. मावशीने दोनदा तोंड उघडले आणि ताईने दोनदा नजरेने तिला गप्प केले. पंखा फिरत होता. खाली रस्त्यावर कुणीतरी गाडी सुरू करत होते, ती होत नव्हती. शेवटी ती सुरू होऊन निघूनही गेली, तरी दादा शब्द जुळवतच होता.

"काल बरा नव्हतो," तो म्हणाला. "आज बरा आहे. उद्याचं उद्या सांगेन."

मावशीच्या डोळ्यांत पाणी आले. "सांग हो," ती म्हणाली. "मी उद्या फोन करीन."

मित्रांनो, मला कुणी असे विचारले असते तरी सांगता आले नसते. आम्हा मुक्या जिवांना ओळखायचे तर नुसते मोजून भागत नाही, जवळ बसून नीट पाहावे लागते. पण तुमच्या घरात, तुमच्या वर्गात, तुमच्या गल्लीत एखादा गप्प, सावकाश, आपल्यातच बसलेला माणूस असेल, तर त्याला बोलता येते. त्याच्याविषयी दुसऱ्याला विचारू नका. त्याच्या समोर बसा, त्यालाच विचारा, आणि उत्तर येईपर्यंत उठू नका.

आज दुपारी, आत्ताच, फोन वाजू लागला. दादा उठायला लागला आहे. त्याला वेळ लागतो. फोन अजून वाजतो आहे.